आकडेकाकांची वजाबाकी

"काका, अकरा नंबरच्या टाकीत भूतबीत आहे का हो?"

इंजिनीअर मुलीनं खुर्ची गर्रकन वळवून विचारलं आणि आकडेकाकांचा चहा बशीत सांडला.

"भूत? ते कशावरून?"

"हे बघा ना. पाण्याची पातळी लागोपाठ तीनदा सारखी आली, की चौथ्यांदा बरोब्बर एक सेंटिमीटरनं बदलते. कधी वर, कधी खाली. पण नेहमी एकच. इतकी वर्षं एकदासुद्धा नेम चुकलेला नाही. पाणी असं वागतं का कुठे?"

"वाफ होऊन जात असेल," आकडेकाका म्हणाले.

"आणि वर चढतं तेव्हा? वाफ परत येते?"

ती खळखळून हसली आणि कागदावर त्या नियमासमोर 'कारण माहीत नाही' असं लिहून पुढे सरकली. आकडेकाका मात्र हसले नाहीत. कारण अकरा नंबरच्या टाकीतलं भूत कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते भूत चष्मा लावून, बाह्यांची बटणं नीट बंद करून, फडक्यानं टेबलावरचा चहा पुसत बसलेलं होतं.

पाणीपुरवठा ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूच्या खोलीत आकडेकाकांनी चोवीस वर्षं काढली. काम सांगायला गेलं तर इतकंसं. गावाभोवती चौदा टाक्या. प्रत्येक टाकीवर एक माणूस. त्यानं सकाळी आठपासून दर दोन तासांनी टाकीत किती पाणी आहे ते बघायचं आणि ऑफिसच्या फोनवर निरोप टाकायचा: टाकीचा नंबर, वेळ, पातळी किती सेंटिमीटर. आकडेकाकांनी तो वाचायचा, कॉम्प्युटरमध्ये टाइप करायचा आणि संध्याकाळी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचा. शेजारच्या खोलीतला कंट्रोलवाला पडद्यावर ते आकडे बघून पंप चालू-बंद करायचा. टाक्यांवरच्या माणसांना कुणी नावानं हाक मारत नसे. तीनवाला, सातवाला, नऊवाला, अकरावाली. आकडेकाकांचं नावही असंच पडलेलं. बायकोचा ताप कसा आहे असं विचारलं, तर हा गृहस्थ "बरा आहे" म्हणायचा नाही. "शंभर पॉइंट दोन, काल एकशे एक होता," असं सांगायचा. मग दुसरं काय नाव पडणार?

आता नवा प्रोग्राम यायचा होता. निरोप थेट त्याच्याकडे जाणार, तोच वाचणार, तोच पंप चालू-बंद करणार. मध्ये माणूस नको. टाक्यांना मोजमापाची यंत्रं बसवायला ऑफिसकडे पैसे नव्हते, प्रोग्राम घ्यायला मात्र होते. असो. सोमवारी त्याचं उद्घाटन, आणि त्याच कार्यक्रमात आकडेकाकांचा सत्कार. निवृत्तीला बाराच दिवस उरले होते. साहेबांनी भाषण लिहून ठेवलं होतं आणि उत्साहाच्या भरात त्यातलं एक वाक्य आधीच सगळ्यांना ऐकवूनही टाकलं होतं: 'चोवीस वर्षांत यांच्या वहीत एकही चुकीची नोंद नाही.' ते ऐकल्यापासून काकांना नीट झोप लागत नव्हती, आणि आजवर ती आनंदानं लागत नाही असंच ते समजत होते.

इंजिनीअर मुलगी आली होती ती नव्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायला. पंचविशीतली पोर, केस वर बांधलेले, बोलताना पेन्सिल चावायची खोड. पहिल्या दिवशी काकांनी तिला "मॅडम" म्हटलं तर म्हणाली, "मॅडम म्हणालात तर मी जिन्यात जाऊन बसेन." तेव्हापासून ती "बाळ" झाली आणि हे "काका".

तिची परीक्षेची तऱ्हा काकांना भारी आवडली होती. जुन्या प्रोग्रामचे नियम लिहिलेला कागद कधीच गहाळ झालेला. तो लिहिणारा माणूसही नोकरी सोडून गेलेला. मग या पोरीनं काय करावं? तिच्याकडे स्वतःच शिकणारा एक प्रोग्राम होता. तो जुन्या प्रोग्रामला काकांनी टाइप केलेले जुने निरोप एकेक करून देई. मग त्यातलं एखादं अक्षर काढून देई, आकडा वाढवून देई, शब्द उलटे करून देई. जुना प्रोग्राम काय गिळतो, काय थुंकतो आणि कुठल्या जागी काय वाचतो यावर टक लावून बसे. असं लाखभर वेळा झालं की निरोप कसा असतो, कशानंतर काय येतं, हे सगळं तो आपलं आपण नियमांत मांडून दाखवी.

"याला आम्ही व्याकरण म्हणतो," ती म्हणाली होती.

"शाळेत व्याकरणात मी दोनदा आपटलो," काका म्हणाले होते. "पुन्हा बसवू नकोस बाई."

आणि या नियमांवरून तो प्रोग्राम नवे, कुणीच न पाठवलेले निरोप रचत असे. चार लाख रचले होते. काही बरोबर, काही मुद्दाम थोडे बिघडवलेले. ते सगळे नव्या प्रोग्रामला दिले. बरोबर होते ते त्यानं घेतले, चुकीचे होते ते नाकारले. एकदाही घसरला नाही. पोरगी खूश होती.

"दोन पानांत बसलं हो काका तुमचं सगळं काम," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी काकांना ते लागलं. दोन पानं. चोवीस वर्षांची दोन पानं, त्यातही समास मोठा.

त्यांनी कागद ओढून घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले. 'टाकी सात: पातळीचा शेवटचा आकडा बहुधा शून्य किंवा पाच.' अर्थातच. सातवाला फितीवर पाचाच्या पटीतच बघायचा. 'टाकी नऊ: पातळीतला फरक बहुधा तीसच्या पटीत.' बरोबर आहे, नऊवाला फुटात मोजतो, एका फुटाचे तीस सेंटिमीटर काकाच करतात. 'टाकी तीन: दुपारी दोनचा निरोप हमखास.' तो तर कधी येतच नाही. तीनवाला त्या वेळी जेवून आडवा होतो आणि काका बारा आणि चारच्या मधला आकडा भरतात. त्या यंत्रानं चोवीस वर्षांच्या टाक्या शिकल्या नव्हत्या. त्यानं आकडेकाका शिकून घेतले होते.

"बाळ," काकांनी आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "मूळ निरोप बघितलेस का तू? फोनवर येतात ते?"

"मूळ म्हणजे? हेच मूळ ना. साहेब म्हणाले, आलेला निरोप जसाच्या तसा टाइप होतो. तसा हुकूमच आहे म्हणे."

हुकूम होता. दाराजवळच लावलेला होता. आणि पहिले चार महिने काकांनी तो पाळलाही होता. जुना प्रोग्राम म्हणजे खाष्ट सासू. एक शून्य कमी पडलं की टुंग करून निरोप परत. काका फोन करायचे, "पुन्हा बघून पाठवा." त्या माणसाला पुन्हा शिडी चढावी लागायची. अशाच एका ओल्या सकाळी नऊवाला दुसऱ्यांदा चढला आणि घसरला. हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं. निरोपात चूक काय होती? वेळ लिहायची राहिली होती. आठ वाजता आलेल्या निरोपात आठ वाजले होते हे सांगायचं राहिलं होतं, बस. त्या दिवसापासून काकांनी कुणाला शिडी चढायला लावलं नाही. वेळ राहिली तर वेळ घातली. शून्य राहिलं तर शून्य घातलं. आणि मग हात सैल सुटतो तसा सुटला. अकरावालीचे गुडघे गेलेले. पाणी हललं नसेल तर ती नुसतं 'तेच' असं पाठवायची. काका मागचाच आकडा टाकायचे. एकदा आधीच्या साहेबांनी विचारलं, "ही बाई टाकीवर जाते तरी का? दिवसभर एकच आकडा?" त्यानंतर लागोपाठ तीनदा एकच आकडा झाला, की चौथ्यांदा काका एक सेंटिमीटर इकडेतिकडे करू लागले. ही शुद्ध लबाडी होती. त्यांना ते कळत होतं. एका सेंटिमीटरनं कुणाचं काय बिघडतं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

पण अकरावाली सोडा, नऊवाला सोडा. त्यांचे मोडके निरोप नवा प्रोग्राम नाकारेल, बोंबाबोंब होईल, कळेल तरी. खरा घोर होता तो सातवाल्याचा.

सात नंबरच्या टाकीतली मोजपट्टी गंजून पडली त्याला वीस वर्षं झाली. नव्या पट्टीसाठी अर्ज केला होता, तो कुठे मुरला देव जाणे. तेव्हापासून सातवाला झाकण उघडून वरून फीत सोडतो आणि पाण्याला टेकेपर्यंत किती सुटली ते बघतो. म्हणजे टाकी किती भरली ते तो सांगत नाही, किती रिकामी ते सांगतो. टाकी सहाशे सेंटिमीटर उंच. त्याचा आकडा सहाशेतून वजा केला की झाली पातळी. पण सातवाल्याचं आणि वजाबाकीचं लहानपणापासून वैर. "तू दिसतं ते पाठव, वजाबाकी माझ्याकडे," काका तेव्हा म्हणाले होते.

सातवाल्याचा निरोप नेहमी टापटीप. नंबर, वेळ, आकडा, सगळं जागच्या जागी. नवा प्रोग्राम तो आनंदानं घेणार. टाकी रिकामी होत पाचशे चाळीसवर गेली की त्याला वाटणार, वा, भरली की! आणि तो पंप बंद करणार. सातच्या टाकीचं पाणी टेकडीवरच्या प्रसूतिगृहाला जातं. तिथल्या नळाला पाणी नसेल तेव्हा इकडे पडद्यावर सगळं हिरवंगार दिसत असेल. आणि ही वजाबाकी जगात दोनच माणसांना माहीत होती.

सांगितलं तर? सांगितलं तर वहीत एकही चुकीची नोंद नाही हे वाक्य गेलं. वहीच गेली. चोवीस वह्या गेल्या. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस शेवटच्या बारा दिवसांत खोट्या नोंदी करणारा ठरणार. काकांना हे सहन होईना. म्हणून त्यांनी तुम्ही-आम्ही केलं असतं तेच केलं. पळवाट शोधली.

जिन्यात जाऊन त्यांनी सातवाल्याला फोन लावला.

"काय रे आकड्या," सातवाला म्हणाला. चोवीस वर्षांत दोघांची गाठ दोनदाच पडली असेल, पण जीभ अशी सैल. "फुलं घालून घ्यायला निघालास म्हणे?"

"चेष्टा पुरे. ऐक. उद्यापासून वजाबाकी तू करायची."

"मी?"

"सहाशेतून वजा करायचं आणि मग पाठवायचं. अवघड नाही."

"अरे, वीस वर्षं मी रिकामं मोजतोय. आता एकदम भरलेलं कुठून मोजू?"

"कागदावर लिहून घे. माझ्यासाठी कर."

"तुझ्यासाठी करतो," सातवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता काका फोनकडे डोळे लावून बसले. 'सात, आठ, चारशे सत्तर.' कालच्या मानानं बरोबर वाटत होतं. काकांचा जीव भांड्यात पडला. दहा वाजता आलं, 'सात, दहा, पाचशे साठ.' दोन तासांत इतकं पाणी चढेल कसं? काकांनी फोन लावला. "फीत किती सुटली होती?"

"एकशे चाळीस."

"मग सहाशेतून एकशे चाळीस गेले, राहिले किती?"

"पाचशे साठ."

"चारशे साठ रे बाबा!"

"हां, हां. शंभराचं राहिलं."

बाराला त्यानं नुसता फितीचा आकडा पाठवला, वजाबाकी विसरून. दोनला वजाबाकी केली आणि मागून दुसरा निरोप टाकला की आधीचा चूक, तो बघू नको. चारला काहीच आलं नाही. साडेचारला त्याचाच फोन आला.

"आकड्या, मला नाही जमत रे," तो म्हणाला. चेष्टा नव्हती आवाजात. "प्रत्येक वेळी छातीत धडधडतं. त्या दवाखान्यात बायका आहेत, लेकरं आहेत. माझ्या हातून उलटं झालं तर? तू आहेस म्हणून मी निवांत होतो."

आता मात्र काखा वर करून चालणार नव्हतं, हे त्यांना स्वच्छ कळलं.

घरी बायको सत्काराच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. मुलगी सोमवारी जावई आणि नातीला घेऊन येणार होती. मेहुण्याला बोलावून झालं होतं. काकांनी बूट काढले आणि खुर्चीत बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. शून्यांपासून त्या एका सेंटिमीटरपर्यंत.

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. "एवढंच ना?"

"एवढंच? अगं, फेरफार म्हणतात त्याला!"

"अहो, पण हे तुम्ही रोज जेवताना सांगता की. नऊवाल्यानं आज फूटसुद्धा चुकवले, अकरावालीचं तिसरं 'तेच' झालं. रजेच्या दिवशी फोन घरी आणून माझ्यासमोर वजाबाक्या करता. मला वाटायचं, सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. हेच तुमचं काम आहे."

काकांनी बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

"आता साहेबांना सांगितलं तर सत्कार होणार नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही होणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. "वाईट वाटेल. मला तर फारच वाटेल, मी भावाला काय काय सांगून बसलेय. पण तुम्ही गप्प बसलात तर सोमवारी तिथे हार घालून घेताना तुमचं तोंड मला बघवणार नाही." मग तिनं सदऱ्याची दुसरी बाही ओढली आणि तीही इस्त्री करून पुरी केली, कारण अर्धवट काम तिला खपत नसे.

सकाळी काकांनी आधी त्या पोरीला सांगितलं. ती पेन्सिल चावायची थांबली. एकदा दोन पानांकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"म्हणजे मी चार लाख वेळा..." तिचा आवाज चिरकला. "मी चार लाख वेळा तुम्हालाच तपासलं. टाक्यांवरचं एकही माणूस त्यात नव्हतं."

"तुझी काय चूक? तुला दिलंच ते."

"चूक आहेच, काका. हे कुणाच्या हातचं आहे, असं मी विचारलंच नाही. अकराचं भूत समोर नाचत होतं आणि मी 'कारण माहीत नाही' लिहून मोकळी झाले." मग ती उठली. "चला. मी येते तुमच्याबरोबर."

"नको. हे मी एकट्यानंच केलं पाहिजे."

साहेब वाईट माणूस नव्हता. पण भाषण लिहून बसलेल्या माणसाला असं काही सांगणं म्हणजे कठीणच. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"म्हणजे चोवीस वर्षं तुम्ही नोंदी मनानं लिहिल्यात?"

"मनानं नाही, साहेब. माणूस बघून लिहिल्या."

"माणूस बघून!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "आणि मी काय वाचणार होतो चारचौघांत? एकही चुकीची नोंद नाही!"

"नोंद चुकीची नव्हती साहेब. सातच्या टाकीत जेवढं पाणी होतं तेवढंच मी लिहिलं. पण आलं होतं ते नव्हे. आणि अकराच्या बाबतीत तर सरळ खोटं आहे, एका सेंटिमीटरचं. ते माझं मला कबूल आहे."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकांनी खिशातून रुमाल काढला, पण चेहरा पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"एक विनंती आहे," ते म्हणाले. "त्या चौदा जणांना काही लागू नये. मी चालवून घेतलं म्हणून ते तसं पाठवत राहिले. आणि सातला पट्टी बसवा, साहेब. वीस वर्षं झाली."

"तुम्ही विनंत्या करायच्या जागी नाही आहात आता," साहेब म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा चढलेला नव्हता. "उद्घाटन पुढे ढकलतो, महिनाअखेरीला. तोवर त्या मुलीला जे लागेल ते सगळं द्या. कारवाई करत नाही. दहा दिवसांसाठी कागद नाचवायला मलाही बरं वाटत नाही. सत्काराचं मात्र विसरा. आणि त्या वह्यांचं काय करायचं ते बघतो."

"बरं," आकडेकाका म्हणाले. ते बाहेर आले. दारात पोरगी उभी होती. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

पुढचे आठ दिवस मात्र झक्क गेले, खोटं कशाला सांगा. काकांनी फोनमध्ये उरलेले दोनशे मूळ निरोप दिले. त्याआधीचे फोननं कधीच पुसून टाकले होते. पण काकांच्या डोक्यातलं कुणी पुसलं नव्हतं. एकेका माणसाचं ते सांगत सुटले. तीनवाला घाईत असला की वेळ आधी आणि नंबर मागून लिहितो. नऊवाला थंडीत मोजे घालून बटणं दाबतो, त्यामुळे एक आकडा दोनदा उमटतो. बारावाला रागावला असला की नुसताच आकडा, बाकी काही नाही. पोरगी टाइप करून करून थकली. हे सगळं तिनं त्या शिकणाऱ्या प्रोग्रामला दिलं. आता दोनाची एकतीस पानं झाली.

"घ्या," तिनं कागद टेबलावर ठेवले. "कोण म्हणालं होतं दोन पानांत बसतं?"

मग त्या प्रोग्रामनं पुन्हा निरोप रचायला घेतले आणि नवा प्रोग्राम धडाधड कोसळू लागला. 'तेच' आलं की मान टाकायचा, फूट आले की पंप चालूच ठेवायचा. प्रत्येक वेळी पोरगी टाळी वाजवायची. आपण रचलेल्या परीक्षेत कुणी नापास झालं की इतका आनंद होणारी मास्तरीण काकांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. यंत्रानं रचलेल्या निरोपांची यादी ती त्यांच्या हातात द्यायची आणि काका हसत सुटायचे.

"हा नऊवाला. जेवणानंतरचा. आणि ही बघ, 'तेच, जरा कमी'. अगं, असं तिनं कधी पाठवलेलं नाही. पण पाठवेल! एक दिवस नक्की पाठवेल."

"यंत्राला कुठली अकरावाली माहीत आहे, काका?"

"नाही ना? तरी बघ कशी बोलतेय."

सातचं मात्र यंत्राला सापडेना. सापडणार कसं? त्याच्या निरोपाच्या आकारात काहीच खोट नव्हती. तिथे पोरीनं हातानं एक नियम लिहिला: टाकी सात, नवी पट्टी बसेपर्यंत, सहाशेतून वजा. आणि आधीच्यापेक्षा पाणी अचानक फार चढलं किंवा उतरलं तर पंपाला हात न लावता माणसाला विचारायचं. काकांनी तो नियम तीन वेळा वाचला. मग जिन्यात जाऊन सातवाल्याला सांगितलं, "तुझी वजाबाकी लावून दिली रे." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

शेवटच्या दिवशी दुपारी शिपाई साहेबांची चिठ्ठी आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आला. कपाटातल्या वह्यांवर चिकटवायच्या होत्या, एकेका वहीवर एक. मजकूर चिठ्ठीत लिहून दिलेला: 'या व यासोबतच्या एकूण तेवीस वह्यांतील नोंदी मूळ निरोपांप्रमाणे नाहीत. त्यांवर विसंबू नये.'

"मी लिहिते काका," पोरगी पटकन म्हणाली. "तुम्ही नका लिहू. निदान हे तरी नका."

"लिहितो मीच. वह्या माझ्या आहेत."

त्यांनी कपाट उघडून वह्या खाली काढल्या, वर्षांच्या क्रमानं टेबलावर रचल्या, फडक्यानं पुसल्या. पेनात शाई भरली. पहिली पट्टी समोर ओढली, 'या व यासोबतच्या एकूण' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. वह्या चोवीस होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. चोवीसच.

पेनाचं टोक कागदापासून बोटभर उंचीवर तसंच राहिलं. पोरगी बघत होती. मग काकांनी टोपण लावलं, चिठ्ठी घेतली, बाह्या नीट केल्या आणि साहेबांच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "यात तेवीस लिहिलंय. वह्या चोवीस आहेत. दुरुस्त करू का?"

साहेबांनी मान वर केली. चोवीस वर्षांत या माणसानं असं कधीच कुणाला विचारलं नव्हतं, हे आता त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, आकड्यावर रेघ मारली, वर चोवीस लिहिलं, बाजूला छोटी सही केली आणि चिठ्ठी दोन्ही हातांनी परत दिली.

काका आपल्या जागेवर आले, खुर्ची पुढे ओढली आणि पहिली पट्टी पुरी करायला घेतली.